पाणी तपासा, पण फार खोलात जाऊ नका
(नवशिक्या अन्न तपासनिसांसाठी, डहाणू-तलासरी विभाग)

नेमणुकीबद्दल अभिनंदन! डहाणू रोड स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाड्या, किनाऱ्यावरची मासळी, तलासरीचा आठवडी बाजार आणि मुंबई-अहमदाबाद हायवेवरचे ढाबे आता तुमचे. पुढील पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. जेवणापूर्वी वाचल्यास उत्तम.

१. घराणे ओळखा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारला एकाएकी गटारे, गोठे नि खानावळी दिसू लागल्या. १८९९ साली मुंबई इलाख्यात भेसळीविरुद्ध कायदा झाला, १९२५ साली दुसरा आला. मधल्या काळात महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी शहर स्वच्छ करण्याचा ध्यास घेतला. तुम्ही त्या परंपरेचे वारस आहात. फरक इतकाच, की तेव्हाच्या इन्स्पेक्टरला मोबाइलवर फोटो काढावे लागत नसत.

२. आत शिरताना जपून. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या झडतीत गोरे शिपाई देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरले. २२ जूनच्या रात्री ही मोहीम चालवणाऱ्या रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. म्हणून ओळखपत्र आधी दाखवावे, नाक नंतर मुरडावे.

३. यंत्राचा मान राखा. दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटर चटकन सांगतो. गवळीही काही कच्चा नसतो. साय काढली की दूध जड होते, पाणी घातले की हलके होते. दोन्ही बेताने केले की लॅक्टोमीटर जिथल्या तिथे! साय गेली, पाणी आले आणि दूध पास झाले. खटला भरायचाच असेल, तर ज्याला हे गणित जमले नाही त्याच्यावर भरता येतो. अप्रामाणिक माणसापेक्षा अडाणी माणूस सापडायला सोपा, हे तपासणीचे पहिले सूत्र पाठ करावे.

४. बोंबलाला दुधाचा कायदा लावू नका. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असते. आरोपी म्हणून समुद्राला उभे करावे लागेल. मासळी ओळखायची तर कल्ले लाल आहेत का, डोळा चमकतो का, बोटाने दाबल्यावर मांस वर येते का, एवढे पाहावे. कोळणीला मात्र काही शिकवायला जाऊ नये. वलांडीवर बोंबील वाळत असताना पाऊस येणार की नाही, हे ती तुमच्याआधी सांगते.

५. नमुना घ्या, पैसे द्या. कायद्याने नमुन्याची चालू भावाने किंमत मोजायची असते. नंतर त्याचे चार भाग, प्रत्येकावर सील. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सरकारी माणूस पैसे देतो हे पाहून दुकानदाराला घेरी आली, तर त्याला पाणी पाजावे. कुठले पाणी, ते विचारू नये.

६. भिंत वाचा. चौदा आकडी परवाना नंबर दर्शनी भागात हवा. वडा वर्तमानपत्रात बांधलेला नसावा. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी त्याला मनाई आहे. त्या पानावर तुमच्याच धाडीची बातमी असली तरी सवलत नाही.

७. हद्द पाळा. अच्छाडच्या पुढे गुजरात. जिलेबी पलीकडे गेली की तिची जबाबदारी दुसऱ्या साहेबांची. माश्यांना मात्र हे कोणी कळवलेले नाही.

८. हात धुण्याची सोय तपासा. नियमात पिण्यायोग्य पाणी सक्तीचे आहे, आणि ते बरोबरच आहे. गाडीवाली बाई पहाटे हापशावर रांग लावून दोन हंडे आणते. त्यातून चहा, भांडी आणि हात. तिसरा हंडा कुठून आणायचा, हे नमुना अर्जात कुठेही छापलेले नाही. तरीही शेरा सोपा आहे : ‘पाणी अपुरे.’ सही करा, शिक्का मारा, तारीख टाका. तिच्याकडून पोच घ्या.

चाचणी (वेळ : चहा येईपर्यंत)

अ) ‘पाणी अपुरे’ ही नोटीस कोणाच्या नावे काढावी? गाडीवालीच्या, की नळ आणायचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्या?

आ) दुसरे उत्तर लिहिणाऱ्या उमेदवाराची बदली कोठे करावी, हे वरिष्ठांनी कळवावे.