काम बघणारे नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे. पुतण्यासाठी मुलगी बघून आले तेव्हा काकूंनी विचारलं, "कशी वाटली?" नाना म्हणाले, "बरी आहे, पण बाल्कनी मागाहून काढलेली आहे. सांधा सुटलाय." सार्वजनिक बांधकाम खात्यात उभी हयात गेली. स्वतः बांधलेल्या पुलावर पहिल्या पुरात छत्री घेऊन रात्रभर उभं राहणारा हा माणूस. ताजमहालातही त्यांनी पावसाचं पाणी कुठून जातं तेवढंच शोधलं.

अशा नानांना मुलानं डेट्रॉइटच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. तिथं २००१ साली उघडलेल्या ध्रुवीय अस्वलांच्या विभागात पाण्याखालून जाणारा सत्तर फुटांचा पारदर्शक बोगदा आहे. आपण खालून चालायचं, अस्वल डोक्यावरून पोहत जाणार. नातू ईशान आठवडाभर तयारी करून आला होता. "आजोबा, त्याची कातडी काळी असते! केस पांढरे नसतातच, पारदर्शक असतात. आतून पोकळ!"

"पोकळ? मग हवा अडकत असणार. पोकळ भिंतीचं तत्त्व."

"पण खरी ऊब चरबीची. चार इंचांपर्यंत असते!"

"चार इंच? म्हणजे आपल्या गच्चीचा स्लॅब!" नानांच्या मनात अस्वलाविषयी प्रथमच आदर निर्माण झाला.

बोगद्यात शिरताच पोरं काचेला तळहात लावून ओरडू लागली. अस्वल पुढचे दोन पंजे वल्ह्यासारखे मारत, मागचे पाय सुकाणूसारखे सोडून आलं. सगळ्यांचे मोबाइल वर गेले. नाना तेवढे वाकले. दोन तुकडे जिथं जोडले होते तिथं त्यांनी अंगठ्याचं नख वरून खालपर्यंत फिरवलं, मग खिशातला रुमाल काढून सांध्याखाली टेकवला, आणि तो उजेडाकडे धरून पाहिला.

"कोरडा आहे," त्यांनी जाहीर केलं. शेजारच्या अमेरिकन बाईंनी भीतीनं मुलाला जवळ ओढलं.

"अहो, अस्वल गेलं ना!" काकू म्हणाल्या.

"येईल परत. जाणार कुठे? ही काच नव्हे, अ‍ॅक्रिलिक. एवढी जाड काच असती तर हिरवट दिसली असती. वर तीन मीटर पाणी धरा, म्हणजे चौरस मीटरला तीन टनांचा भार. गंमत नाही."

पलीकडे सील पोहत होते. अस्वलाचं आवडतं खाणं डोळ्यांसमोर, मध्ये फक्त एक पारदर्शक पडदा. सूनबाई हळहळली, "बिचारं! रोज बघायचं आणि मिळायचं काही नाही."

"निवृत्तिवेतनाच्या फाइलसारखं," नाना म्हणाले, आणि त्या पडद्याचा सांधा शोधू लागले.

ईशाननं मग मुद्द्याचं विचारलं. "आजोबा, नर सहाशे किलोचासुद्धा असतो. तो वर बसला तर हे फुटेल?"

नाना खुलले. "अरे, तरंगणारं अस्वल स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारतं. तो भार सगळ्या तळ्यावर वाटला जातो. बोगद्याला पत्तासुद्धा लागत नाही. आर्किमिडीजनं सांगून ठेवलंय, निर्धास्त राहा."

तेवढ्यात अस्वलानं बुडी मारली, नानांच्या बरोबर डोक्यावर चारी पाय रोवले आणि जोरात उसळी घेतली. पोरं आनंदानं किंचाळली. नाना ईशानला काखोटीला मारून बोगद्याच्या दारापाशी पोहोचलेसुद्धा.

"आजोबा, तुम्हीच म्हणालात ना, निर्धास्त राहा?"

"हिशोब बरोबरच आहे रे," नाना धापा टाकत म्हणाले, "पण कंत्राटदार आपल्या ओळखीचा नाही."

मग मात्र सगळे बाहेर पडेपर्यंत ते दारातच थांबले. एकेकाला डोळ्यांनी मोजून घेतलं. काकू शेवटी आल्या, तेव्हा कुठे रुमालानं कपाळ पुसलं.

संध्याकाळी पुण्याहून खात्यातल्या जुन्या मित्राचा फोन आला. काय काय पाहिलंत?

"एक बोगदा पाहिला. सत्तर फुटी. वर तुडुंब पाणी, आत ठणठणीत कोरडा!"

"अहो, अस्वलाचं सांगा!" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या.

"हो, ते राहिलंच," नाना फोनवर म्हणाले. "लोड टेस्टिंगला अस्वल ठेवलंय."