मगरीला शटर हवे आहे काय?

समाजमाध्यमांवर व्यवसायाची जाहिरात करावयाची तर नकाशावर एक टाचणी रोवावी आणि तिच्याभोवती वर्तुळ काढावे, हा या नव्या शास्त्रातील पहिला संस्कार असून तो आता साकीनाक्याच्या गाळ्यागाळ्यांत यथासांग पार पाडला जातो. खैरानी रोडवर रोलिंग शटर तयार करणाऱ्या कारखानदाराच्या टेबलावरचा ग्रीसचा डबा आणि पट्ट्यांचे नमुने बाजूला सारून एजन्सीचा तरुण लॅपटॉप उघडतो, साकीनाका जंक्शनवर टाचणी लावतो, त्रिज्या ५ किलोमीटर ठरवतो आणि पडद्यावर फिकट निळे वर्तुळ उमटले की ‘शेठ, हे तुमचे मार्केट’ असे जाहीर करतो. ज्या गृहस्थाला मार्केट म्हणजे आपली उधारी थकवणारे शंभर-सव्वाशे लोक एवढेच आजवर ठाऊक असते, त्याला स्वतःच्या साम्राज्याचा हा विस्तार पाहून क्षणभर भरून येते.

वर्तुळाचे गणित शाळकरी आहे. ५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटर भरते, म्हणजे बृहन्मुंबईचा जवळजवळ आठवा हिस्सा एका टाचणीच्या टोकावर तोलला जातो. त्यात असल्फा, मरोळ, चांदिवली आणि घाटकोपर येतात, हे रास्तच आहे. परंतु त्यातच विमानतळाच्या धावपट्ट्यांचा मोठा भाग येतो, आरेच्या झाडीचा तुकडा येतो आणि सबंध पवई तलाव येतो.

पवई तलावात मगरी आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या वर्तुळात मोडतात, हीदेखील भूमितीने सिद्ध होणारी गोष्ट आहे. तेव्हा शटरविक्रीच्या दृष्टीने मगर या ग्राहकाचा विचार पद्धतशीरपणे करणे क्रमप्राप्त ठरते. मगरीपाशी गाळा नाही, दुकान नाही आणि रात्री कुलूप लावावे असा मालही नाही. किंबहुना जबडा हेच तिचे शटर असून ते ग्रीसशिवाय उत्तम चालते. तिच्याजवळ मोबाईल नाही, सबब तिला जाहिरात दिसत नाही आणि तिच्यापायी पैसे जात नाहीत, असा आक्षेप एजन्सीचा तरुण घेईल, आणि तो तर्काला धरून आहे. मात्र तलावाच्या काठावर उभे राहून मगर दिसते का ते पाहणाऱ्या पर्यटकाजवळ मोबाईल असतो, त्याच्यापायी पैसे जातात, आणि शटर विकत घेण्याच्या बाबतीत तो पर्यटक व ती मगर यांच्यात काडीचाही फरक नसतो. आरेतील बिबट्याची गोष्ट किंचित निराळी आहे, कारण बिबट्या स्वतः शटर घेत नसला तरी त्याच्या नुसत्या वार्तेने शटराची मागणी वाढू शकते, म्हणून त्याची गणना अप्रत्यक्ष ग्राहकांत करता येईल. धावपट्टीवर उतरून नुकतेच मोबाईल चालू करणाऱ्या प्रवाशांविषयी एवढेच म्हणता येईल की, ज्याची बॅग अजून पट्ट्यावर आलेली नाही, त्याला शटराच्या पट्ट्या दाखवणे हे औचित्याला सोडून आहे.

येथे काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. जाहिरात पडद्यावर दिसली की तिला ‘इम्प्रेशन’ म्हणतात, आणि जागेचा दर सामान्यतः हजार इम्प्रेशनांमागे मोजला जातो. हा दर ठरलेला नसतो, तर दर वेळी कोणाची जाहिरात दाखवायची याचा एक अतिजलद लिलाव यंत्राच्या पोटात होतो. जाहिरातीवर बोट टेकवले की ‘क्लिक’, नाव व फोन नंबर दिला की ‘लीड’, आणि प्रत्यक्ष खरेदी झाली की ‘कन्व्हर्जन’. पंढरपूरला गेलेल्या माणसाला ही श्रेणी समजावून सांगावी लागत नाही, कारण तेथे कळसदर्शन, मुखदर्शन आणि पदस्पर्शदर्शन अशी व्यवस्था फार पूर्वीपासून आहे. फरक इतकाच की, कळस पाहून परतलेल्या वारकऱ्याच्या नावे पदस्पर्शाची पावती कोणी फाडत नाही. जाहिरातीच्या मासिक अहवालात मात्र कळसदर्शनाचा आकडा सर्वांत मोठ्या टायपात छापलेला असतो आणि कन्व्हर्जनचा आकडा शेवटच्या पानावर, तळाशी, एखाद्या गुन्हेगारासारखा मान खाली घालून उभा असतो.

कळसदर्शनाचा सर्वांत मोठा पुरवठा मेट्रो करते. वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईतील पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि तिच्या १२ स्थानकांपैकी साकीनाका हे एक आहे. वर्तुळातील माणसे निवडताना तेथे राहणाऱ्यांबरोबर तेथून नुकतेच येऊन गेलेलेही धरले जातात; सबब जो मनुष्य वर्सोव्याहून घाटकोपरला रोज दोनदा ये-जा करतो आणि ज्याने आयुष्यात साकीनाक्याच्या जिन्यावर पाऊल ठेवलेले नाही, तोही शटरवाल्याच्या मार्केटात मोडतो. शटरवाल्याच्या डोक्यावरून जाणारा प्रत्येक मनुष्य त्याचा ग्राहक समजला जातो, ही या शास्त्राची व्याप्ती आहे आणि ‘डोक्यावरून जाणे’ या वाक्प्रचाराला तिने दिलेला नवा अर्थही.

दुसरा संस्कार चाचणीचा. त्याला ‘ए-बी टेस्ट’ म्हणतात, आणि पद्धत म्हणून ती निर्दोष आहे: जाहिरातीची दोन रूपे करावीत, त्यांत एकच गोष्ट वेगळी ठेवावी, ती दोन्ही एकाच काळात चिठ्ठ्या टाकल्यासारखी सरमिसळ करून लोकांना दाखवावीत, आणि किती लोकांना दाखवायची हा आकडा आधीच ठरवून तो पुरा होईपर्यंत निकालाकडे डोळा ठेवू नये. शेतीच्या वाफ्यांवर खतांची तुलना करताना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडलेली ही शिस्त आहे. एका वाफ्याला काहीच दिले नाही आणि दुसऱ्याला खत व जादा पाणी दोन्ही दिले, तर पीक कशाने वाढले हे सांगता येत नाही, एवढे साधे तिचे मर्म. साकीनाक्याच्या गाळ्यात मात्र ‘अ’ जाहिरात सकाळी ११ वाजता चालते, ‘ब’ संध्याकाळी ७ वाजता चालते, ‘अ’मध्ये शटर करड्या रंगाचे असते, ‘ब’मध्ये निळ्या रंगाचे असून त्यापुढे एक हसरे कुटुंब उभे असते, आणि दुसऱ्या दिवशी ‘शेठ, निळा जिंकला’ असा निरोप येतो. निळा जिंकलेला नसतो. संध्याकाळी ७ वाजता साकीनाका सिग्नलवर अंधेरी-कुर्ला रस्ता, साकी विहार रस्ता आणि भोवतालच्या गल्ल्या यांची वाहने एकमेकांत अशी गुंतलेली असतात की रिक्षात बसलेल्या माणसाला अंगठ्याव्यतिरिक्त शरीराचा दुसरा कोणताही अवयव हलवण्यास वाव उरत नाही. तो अंगठा करड्या शटरावर पडला असता, निळ्यावर पडला असता, मगरीच्या चित्रावरही पडला असता. जे मोजले गेले ते जाहिरातीचे आकर्षण नव्हे, ती वाहतुकीची कोंडी होय.

समजा, वेळेचा दोष काढून टाकला आणि प्रत्येक रूप १,००० लोकांना दाखवले. ‘अ’ला १० क्लिक मिळाले आणि ‘ब’ला १४. एजन्सीच्या अहवालात याची नोंद ‘४० टक्के वाढ’ अशी होते व तिच्यापुढे हिरवा बाण काढला जातो. संख्याशास्त्राचा हिशेब असा की, दोन्ही जाहिराती हुबेहूब सारख्या असत्या तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दहापैकी चार वेळा पडला असता. हा फरक खरा असेल तर तो भरवशाने पकडण्यासाठी प्रत्येक बाजूला सुमारे १२,००० माणसे लागतात. त्यातही करडा, निळा, हिरवा असे करत २० निरर्थक बदल एकामागून एक तपासले आणि प्रत्येक वेळी शेकडा ५ चुकीची मुभा ठेवली, तर त्यांपैकी किमान एकाने ‘जिंकण्या’ची शक्यता ६४ टक्के असते. वीस नारळ फोडले की एखादा नासका निघतोच, तसाच वीस चाचण्यांत एखादा विजेता निघतो. नासका नारळ निघाल्यावर मात्र कोणी हिरवा बाण काढत नाही.

मजकुराची चाचणीही उल्लेखनीय आहे. शटरवाला स्वतः लिहितो ते असे: ‘शटर अडकले? फोन करा. तासाभरात माणूस येईल.’ या तीन वाक्यांत अडचण आहे, कृती आहे आणि वचन आहे. जाहिरात-लेखनाच्या कोणत्याही शिकवणीत याहून अधिक काही शिकवले जात नाही. एजन्सीकडून ते सुधारून येते: ‘तुमच्या व्यवसायाच्या सुरक्षेचा नवा अध्याय अनलॉक करा.’ अडकलेल्या शटरापुढे उभ्या असलेल्या माणसाला अध्याय नको असतो. तो मराठीत वैतागलेला असतो आणि त्याच्याशी भाषांतरात बोलले जाते.

तरीही दोन्ही मजकुरांच्या चाचणीत पहिला हरतो, आणि त्याचे कारण मजकुरात नाही, रस्त्यात आहे. ‘तासाभरात माणूस येईल’ हे वचन वर्तुळाच्या भरवशावर दिलेले असते, आणि वर्तुळ अंतर मोजते ते कावळ्याच्या उड्डाणाने. कारागीर कावळा नाही. त्याला अवजारांची पिशवी खांद्याला अडकवून, दुचाकींच्या हँडलांमधून अंग चोरत, उघड्या झाकणावर टाकलेली फळी ओलांडत आणि फुटपाथ नावाच्या ज्या वस्तूवर दुकानाचा माल, सिलिंडर, पार्किंग आणि खोदकामाची माती यांचे सहअस्तित्व नांदते तिला वळसा घालून चालत्या वाहनांच्या पुढ्यात उतरावे लागते. याच परिसरात नव्वद फूट रोड नावाचा रस्ता आहे, ज्याची रुंदी त्याच्या नावात शाबूत आहे आणि चालणाऱ्याच्या वाट्याला त्यातील दोन फूट आले तरी तो दिवस चांगला म्हणायचा. शटराचा रंग करडा असावा की निळा यासाठी नियंत्रण गट लागतो, म्हणजे ज्याच्यावर बदल केलेला नाही असा तुलनेचा गट. मग चालायला जागा नसलेल्या रस्त्याची जी चाचणी साकीनाक्यावर वर्षानुवर्षे चालू आहे, तिचा नियंत्रण गट कोठे आहे? कोणत्या गल्लीत फुटपाथ ठेवून पाहिला आणि तो हरला? म्हाताऱ्या माणसाने रस्ता ओलांडताना किती सेकंद घेतली, शाळेच्या पोरांनी दप्तर डोक्यावर धरून बसच्या किती जवळून वाट काढली, याचे इम्प्रेशन कोण मोजतो? अंगठा पडद्यावर तीन सेकंद रेंगाळला तर त्याची नोंद होते, लिलाव होतो, आलेख निघतो. सबंध माणूस तासभर रस्त्यात उभा राहिला तर त्याची नोंद ‘या जागेविषयी आस्था असलेला ग्राहक’ अशी होते. ही आस्था नव्हे, ही कोंडी आहे, आणि तिच्यावर जाहिरातीची जागा विकली जाते याची लाज वाटण्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज पडू नये.

असो. शास्त्राची उरलेली दोन अंगे थोडक्यात पाहता येतील. ‘लुकअलाइक’ म्हणजे आपल्या ग्राहकांची यादी यंत्राला द्यावी आणि त्यांच्यासारख्याच इतरांना यंत्राने शोधून काढावे. शटरवाल्याची यादी ही त्याच्या उधारीची वही असल्याने यंत्र त्याला पैसे थकवणारे आणखी काही हजार लोक निष्ठेने शोधून देते. ‘रिटार्गेटिंग’ म्हणजे ज्याने एकदा वस्तूत रस दाखवला त्याच्या मागे तीच जाहिरात पुनःपुन्हा पाठवणे. बूट किंवा कुर्ता यांच्या बाबतीत हे समजू शकते. पण नीट ग्रीस घातलेले शटर वर्षानुवर्षे टिकते, आणि ज्याने कालच नवे शटर बसवून घेतले त्याला पुढचे ३० दिवस रोज शटर दाखवणे म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नवरदेवाकडे महिनाभर स्थळे पाठवण्यासारखे आहे.

या साऱ्या खटाटोपात एका जुन्या जाहिरातीचे नाव अहवालात कोठेही येत नाही. मुंबईतील बंद दुकानांच्या शटरांवर पत्र्याच्या छापाने ‘शटर रिपेअर’ ही अक्षरे आणि खाली मोबाईल नंबर रंगवलेला असतो. ती मालमत्तेच्या मालकाला न विचारता रंगवली जाते व त्यासाठी महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायदा आहे, हे मान्य करूनही तिच्या रचनेचे कौतुक करणे भाग आहे. ती केवळ शटराच्या मालकाला लागू पडते, शटर अडकण्याची नेमकी जागा तिला ठाऊक असते, मगरीला ती दिसत नाही, आणि दोन गल्ल्यांत दोन वेगळे नंबर रंगवले की कोणत्या गल्लीतून किती फोन आले ही चाचणीही फुकटात होते. वर्तमानपत्रांतील जुन्या कुपनांवर निरनिराळे खूणक्रमांक छापून कोणत्या जाहिरातीचे कुपन परत आले हे शंभर वर्षांपूर्वीचे जाहिरातदार असेच पाहत असत.

तिच्यात दोष एकच आहे. शटर अर्ध्यावर अडकले की पट्ट्या वर गुंडाळल्या जातात आणि नंबर त्यांच्या गुंडाळीत नाहीसा होतो. म्हणून रात्री दहा वाजता दुकानदार स्वतःच्या अडकलेल्या शटराखालून वाकून बाहेर येतो आणि शेजाऱ्याच्या बंद शटरावरचा नंबर मोबाईलच्या उजेडात एकेक आकडा उच्चारत लावतो. कारागीर चालत येतो, गाईडमधला खडा काढतो, स्प्रिंगला एक पीळ देतो, बोटभर ग्रीस लावतो, रोख पैसे घेतो आणि जातो. महिनाअखेरीच्या अहवालात या कामाचा रकाना रिकामा असतो. तलावाच्या बाजूचा मात्र भरलेला असतो.