दुतोंड्याच्या गुडघ्याला

निवृत्तीनंतर मी शेअर बाजाराचं ‘टेक्निकल’, म्हणजे भावाच्या चार्टवर रेघा मारणं, शिकायला घेतलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “रेघा पेन्सिलीने काढा. खोडायला बऱ्या.”

पंधरा दिवस डोक्यात काही शिरेना. पडता शेअर जिथे थबकतो तो सपोर्ट, कारण स्वस्तात घ्यायला टपलेले लोक तिथे उभे असतात. चढता शेअर अडतो तो रेझिस्टन्स, कारण त्या भावाला अडकलेले ‘मुद्दल सुटलं’ म्हणत विकून मोकळे होतात. पाठ झालं, पटलं नाही. मग गंगेला पूर आला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि शेजारच्या गॅलरीतून प्रश्न आला, “दुतोंड्याच्या कुठवर आलंय?”

एकदम उजेड पडला! आमचा पूर मीटरमध्ये मोजतच नाहीत. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं की सराफ बाजारात चुळबुळ. २००८ च्या पुरात कुठवर होतं ते आठवायचं आणि एकमेकांना फोन करायचे. हेच तर टेक्निकल! गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं विचारतात ते फंडामेंटलवाले. आम्ही नुसतं पाणी बघणारे. अर्थात धरणच फुटल्यासारखं झालं तर खुणा काय करणार? २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला, तेव्हा कितीतरी रेघा वाहून गेल्या.

चार्टवरच्या भाव दाखवणाऱ्या मेणबत्त्या म्हणे जपानी तांदूळ व्यापाऱ्यांची देणगी. लासलगावचा कांदा काय कमी उड्या मारतो? पण तिथे मेणबत्ती लावायचं कुणाला सुचलं नाही.

मग आरएसआय शिकलो. चौदा दिवसांच्या चढउतारावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा. ७० च्या वर खरेदीचा अतिरेक, ३० च्या खाली विक्रीचा. मी हेरलेला शेअर २८ वर आला. २०० रुपयांचा सपोर्ट तीनदा टिकलेला. २०२ ला घेतला. चौथ्यांदा सपोर्ट तुटला. १८० ला आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ केला. आरएसआय २२. अतीचंही आणखी अती होतं, हे पूर बघत वाढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. वर गंमत अशी, की कालची जमीन आज छत झाली. शेअर कण्हत १९९ ला येतो, माझ्यासारखे अडकलेले विकून सुटतात आणि तो परत खाली. मी नाही विकत. ‘ॲव्हरेज’ खाली आला तरी मला २०२ च हवेत.

टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, “२०० पार झाला तर तेजी, नाही तर घसरण.”

“यालाही दोन तोंडं,” बायको म्हणाली. “मारुती निदान गप्प तरी असतो.”

परवा पुन्हा पाणी चढलं, म्हणून घाटावर गेलो. पूजेच्या सामानाचा टपरीवाला नारळ, करंडे हातगाडीवर चढवत होता. टपरी अजून कोरडी होती.

“एवढ्यात?”

“दुतोंड्याच्या गुडघ्याला लागलं की हलवायचं.”

“आणि संध्याकाळी उतरलं तर?”

“परत मांडायचं. हमाली जाईल.”

मी त्याला माझी १९९ ची कहाणी सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली आणि नारळांच्या पोत्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

“धरा काका एवढं.”