परसाचा सातबारा

मालेगावहून मेडशीकडं जाताना किंवा रिसोडच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात टिनाच्या घरामागं मुनग्याचं झाड, वालाचा मांडव आणि त्याखाली माती उकरणाऱ्या कोंबड्या दिसल्या तर वळून बघायचं कारण नाही. वाशिम जिल्ह्यात अशी घरं पावलोपावली आहेत. पण परसाच्या चारही कोपऱ्यांत चुन्यानं रंगवलेले दगड रोवलेले असतील आणि त्यांवर आकडे टाकलेले असतील, तर समजावं की इथं सेवानिवृत्त पटवारी राहतो. या घरी प्यायला पाणी मागितलं तरी आधी नाव, गाव आणि येण्याचं प्रयोजन विचारलं जातं.

सरकारनं त्यांना तलाठी म्हटलं, अलीकडं तर ग्राम महसूल अधिकारी असं भारदस्त नाव दिलं. वऱ्हाडात मात्र ते पटवारीच. दुसऱ्याच्या वावरात काय पेरलं, कुणाची विहीर पडीत गेली, कोणाच्या आजोबाचं नाव अजून कमी व्हायचं राहिलं, हे सगळं लिहिण्यात उमर गेली. स्वतःच्या नखांत माती गेली ती 58 पूर्ण झाल्यावर. घर सोडून मागं जेमतेम तीन आर जागा. दुसरा कोणी असता तर चार वांग्याची रोपं लावून मोकळा झाला असता. पटवारीसाहेबांनी आधी मोजणी केली.

मोजणीत असं निघालं की तीन आरांपैकी धुणं धुवायचा दगड, मोरीचा चर आणि कोंबड्यांचं खुराडं एवढं क्षेत्र पोटखराब आहे. उरलेल्याचे सात वाफे पाडले, त्यांना गट क्रमांक दिले आणि लांब रूळांची एक जुनी वही काढून तिच्यावर लाल शाईनं लिहिलं, ‘परस, साझा स्वगृह’. गट 1 मध्ये वांगी, 2 मध्ये मेथी, 3 मध्ये सांभार, 4 मध्ये भेदरं. भेदरं म्हणजे ते लहान, आंबट, गावरान टमाटे. त्यांना वहीत ‘टोमॅटो (देशी)’ म्हणतात. कडेचा गोडलिंब, जाम आणि मुनगा हे ‘हद्दीवरील झाडे’ या सदरात. मोरीचं पाणी केळीला जातं, ती ‘ओलिताची’. मांडवावर वाल आणि त्याच मांडवावर दोडका, म्हणून तिथं ‘मिश्र पीक’. मुंगसाची कुंपणातून रोजची वाट आहे. ती त्यांनी ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंदवून ठेवली आहे, ‘वहिवाट, वादातीत नाही’ अशा शेऱ्यासह.

गावाच्या दप्तरात एकूण 21 नमुने असतात. परसाला इतके लागत नाहीत हे त्यांचं शल्य आहे.

या साऱ्या कारभारात एक अडचण मात्र कायम राहिली. पटवारी फक्त नोंद धरतो. ती मंजूर करायची असते मंडळ अधिकाऱ्यानं, म्हणजे सर्कलनं. परसाच्या सर्कल आहेत वहिनी. पाणी त्याच घालतात, शेण त्याच कालवतात, सोयाबीनचं कुटार वाफ्यांवर पसरतात, राख टाकून मावा आवरतात आणि वहीवर सही करायची वेळ आली की हात पदराला पुसत म्हणतात, “दाखवा, आज काय लिवलं?” कोंबडीचं ताजं खत थेट रोपाला घातलं तर रोप जळतं, आधी ते कुजू द्यावं लागतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मेथीच्या आख्ख्या गटाला ते भरभरून घातलं आणि आठवड्यानं ‘नैसर्गिक आपत्ती’ असा शेरा मारला. सर्कलनं तो नामंजूर करून परत पाठवला.

शासनानं 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्यानंच वावरात उभं राहून मोबाईलवर फोटो काढायचा. पटवारीसाहेबांना हे रुचलेलं नाही. पाहणी म्हणजे धुऱ्यावर उभं राहून, पीक हातात घेऊन करायची गोष्ट आहे, असं ते तावातावानं सांगतात. त्यावर वहिनी भाजी निवडता निवडता म्हणतात, “नोकरीत असतानी कोनत्या धुऱ्यावर गेलते तुमी? पारावर बसून अख्ख्या गावाची तूर लावत होते.” साहेब ऐकू न आल्यासारखं करून वांग्याखाली वाकतात. ती वांगी मात्र ते खरोखरच एकेक हातात घेऊन पाहतात. पानामागची अळी चिमटीत धरतात आणि पुढं होऊन कोंबडीला घालतात. सकाळी साडेपाचला खुराड्याची फळी उचलली की सगळ्या बायाबापड्या कलकलत बाहेर येतात. मग साहेब उलट्या घमेल्यावर बसून चहा पितात, मूठभर कण्या फेकतात आणि अर्धा तास काहीच लिहीत नाहीत. जिल्ह्याचा कारभार त्या अर्ध्या तासात कोसळला तरी चालेल असा त्यांचा चेहरा असतो.

कोंबड्यांना त्यांनी नावं ठेवली नाहीत. नाव ठेवलं की जीव लागतो, असं ते म्हणतात. कोंबड्या खातेदार आहेत. त्यांना खाते क्रमांक आहेत. बहुतेक गावरान, दोन वनराजा आणि एक तांबूस कोंबडी, जिच्या कुळाची माहिती कागदोपत्री उपलब्ध नाही. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा फोनवर म्हणाला की बाबा, कडकनाथ पाळा, आजकाल चालतं. साहेबांनी चौकशी केली. कडकनाथ झाबुआचा, मध्य प्रदेशातला. 2018 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं. म्हणजे खातेदार परराज्यातला, आणि स्वतःचे कागद घेऊन येणारा. प्रकरण तिथंच निकाली निघालं.

खाते क्रमांक 6 चा घोटाळा तर गावभर गाजला. बाजारातून आणलेलं ते पिल्लू वहीत ‘तलंग’ म्हणून चढलं. पुढं तिच्यावर अंड्यांचा अंदाजही धरला गेला. गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते, त्या हिशेबानं. आणि एके पहाटे ती तलंग खुराड्यावर चढून, मान ताणून, पार शाळेपर्यंत ऐकू जाईल अशी आरवली. वहिनी हसून हसून ओट्यावर बसल्या. साहेबांनी चष्मा लावला, खातेदाराला दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 155 लावून ‘लेखनप्रमादाची दुरुस्ती’ केली. ‘स्त्री’ खोडलं नाही. गोल करून वर ‘पुरुष’ लिहिलं, बाजूला सही केली. खाडाखोड करणारा पटवारी तो नव्हेच.

धुऱ्याचं भांडण या जिल्ह्यात कोणाला चुकलं आहे? परसालाही चुकलं नाही. तांबूस कोंबडीनं शेजारच्या मायच्या कुटाराच्या ढिगात गुपचूप अंडी घालायला सुरुवात केली. कोंबडी साहेबांची, कुटार मायचं, अंडं कोणाचं? साहेबांनी युक्तिवाद केला की उत्पादन खातेदाराचं. माय म्हणाली, “बाबू, अंडं ज्याच्या जागेत, त्याचं. तुमीच शिकवलं होतं ना, कब्जा पाह्यजे म्हनून?” साहेब गप्प झाले. माणसानं आयुष्यभर दिलेले सल्ले असे धुऱ्यावरून परत येतात. शेवटी सर्कलनं निवाडा दिला की एक दिवसाआड अंडी वाटून घ्यावीत. कोंबडीनं त्या निवाड्याचा मान राखला असं म्हणता येत नाही. तिनं ढीग बदलला.

मग एखादी कोंबडी खुडूक होते. अंगाची पिसं फुलवून, डोळे लाल करून ती खोक्यात बसते, हात लावला तर चोच मारते. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, बाकी हलायचं नाव नाही. वहीत हे ‘अतिक्रमण’. पण याच अतिक्रमणावर साहेबांचा सगळ्यात जास्त जीव आहे. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवताना ते प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख टाकतात, म्हणजे दुसरीनं येऊन मागाहून घातलेलं अंडं ओळखू येतं. वहिनींनाही या एका लिखापढीबद्दल तक्रार नाही. सातव्या रात्री दोघं दिवा मालवून बसतात. मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं तिच्यासमोर धरायचं, आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नाही तर वगळायचं. “जिवंत,” साहेब कुजबुजतात. वहिनी म्हणतात, “लिवा.” 21 व्या दिवशी कवचाला टोचा पडतो आणि त्या दिवशी साहेब कुठल्याही लग्नाला, मौतीला, बाजाराला जात नाहीत. वारस नोंदीचं काम असतं.

राणीखेतीनं, म्हणजे आपल्या मानमोडीनं, एका वर्षी अर्धं खुराडं गेलं. तेव्हापासून पहिल्याच आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा थेंब पडलाच पाहिजे असा दंडक आहे. लस बर्फाच्या थर्मासात आणायची, तीही उन्हं चढायच्या आत. हे आणायला साहेब स्वतः जातात. एके काळी आपल्या दारात लोकांना तीन-तीन चकरा मारायला लावणारा हा माणूस पिलांच्या लशीसाठी दवाखान्याच्या पायरीवर मुकाट बसलेला मी पाहिला आहे.

मुंगसानं एक खातेदार उचलला तेव्हा मौका पंचनामा झाला. दोन पंच बोलावले गेले. एक मी, दुसरा दूधवाला. पिसं मोजली नाहीत एवढंच. कुंपणाच्या कोणत्या फटीतून आगमन, कोणत्या दिशेनं गमन, नुकसान किती, सगळं टिपलं. आम्हाला वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. दूधवाल्यानं विचारलं, “साहेब, अनुदान कधी येईन?” त्यावर साहेब उठून फट बुजवायला तार आणायला गेले.

उन्हाळा इथला वाईट. पारा 43 च्या पुढं गेला की वाफे आवळतात, कोंबड्या चोच उघडी टाकून गोडलिंबाखाली पडून राहतात. ओली गोणपाटं टांगायची, मातीच्या थाळ्यात दुपारी दोनदा पाणी बदलायचं. अंडी बंद. वहीत सलग दोन महिने ‘निरंक’. मृगाची पहिली सर आली की तीच गोणपाटं झटकून वाल, दोडका, कोहळ्याचं बी टोबलं जातं, आणि ते जमिनीबाहेर यायच्या आत कोंबड्या ते उकरून खातात. पुन्हा टोबलं जातं. वऱ्हाडात दुबार पेरणीला कोणी नवीन नाही.

31 डिसेंबरला खरिपाची अंतिम पैसेवारी जाहीर करायची असते. साहेब परसाची जाहीर करतात. ती 50 पैशांच्या आत आली की दुष्काळ. मग वहिनी पिशवी घेऊन बाजारातून वांगी आणतात आणि साहेब त्याला ‘शासकीय मदत’ म्हणतात. एका वर्षी मुनग्याला इतक्या शेंगा आल्या की पैसेवारी 90 वर गेली. तेव्हा गल्लीत प्रत्येक घरी मुनगा गेला, डाळीत मुनगा, आमटीत मुनगा, आणि माय म्हणाली, “साहेब, आता दुष्काळच बरा.”

कोणी त्यांच्या या कारभाराला हसलं तर ते वाशिमचा दाखला देतात. इंग्रजांच्या काळात बासीम नावाचा जिल्हा होता; 1905 साली तो मोडला. मग 1 जुलै 1998 ला अकोल्यातून काढून पुन्हा झाला. “93 वर्षं फेरफार पडून होता,” साहेब बोट वर करून सांगतात, “पन मंजूर झाला की नाही?”

धीराची ही शिकवण जावयाच्या वेळी कामी आली. लेक, जावई आणि सात वर्षांची नात अमरावतीहून आले. जावई आला म्हणजे कोंबडी कापली गेलीच पाहिजे, यात वऱ्हाडात दुमत नाही. वहिनींनी मसाला काढला, खोबरं भाजायला घेतलं. खाते क्रमांक 9, म्हातारी झालेली, अंडी सोडलेली. तिच्यावर एकमत होतं. साहेबांनी वही उघडली. खातेदाराचं नाव कमी करायचं म्हणजे फेरफार आला, आणि फेरफाराची नोटीस 15 दिवस लावावी लागते, हरकतींसाठी. त्यांनी ती लिहिली आणि खुराड्याच्या फळीवर चिकटवली.

“जावई तीन दिवस हाय,” वहिनी म्हणाल्या.

“नियमाले मी काय करू?”

पहिल्या दिवशी पातोड्यांची रस्साभाजी झाली, दुसऱ्या दिवशी भरली वांगी, गट 1 ची. तिसऱ्या दिवशी नातीनं दुरेघी वहीचं पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आबाजी, माझी हरकत आहे’, आणि ते खुराड्यात टाकलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मुदतीत आलेली लेखी हरकत म्हणजे नोंद विवादग्रस्त. त्यांनी नवं पान काढून 6-अ चं सदर आखलं, प्रकरणाला क्रमांक दिला आणि नातीला पोच दिली, शिक्क्यासह. सुनावणीसाठी प्रकरण सर्कलकडं गेलं. सर्कलनं भाजलेलं खोबरं डब्यात भरून ठेवलं आणि पिठल्याला फोडणी दिली.

निघताना जावयानं पाया पडून म्हटलं, “मामाजी, दिवाळीची नोटीस आत्ताच लावून ठेवा.”

“तसं नाही होत,” साहेब म्हणाले, “आधी साध्या कागदावर अर्ज द्या. अन् त्याले कोर्ट फीचं तिकीट लावजा.”