वैशाखात पक्षिमित्र कसे व्हावे

हिवाळ्यात पक्षी कुणीही बघतो. पाणथळीवर पाहुण्यांची झुंबड असते, बोट दाखवायला माहीतगार सोबत असतो, हवाही बरी असते. खरी परीक्षा चैत्र उलटल्यावर. तोवर चक्रवाक लडाख-तिबेटकडे परतलेले असतात, धोबी दिसेनासे झालेले असतात, पळस-पांगाऱ्यावर धुडगूस घालणाऱ्या भोरड्या मध्य आशियाच्या वाटेला लागलेल्या असतात. मागे उरतात ते इथलेच रहिवासी, आणि त्यांतले बहुतेक एप्रिल-मेमध्ये प्रपंचात बुडालेले असतात. जोडीदार पटवायचा, हद्द राखायची, घरटे बांधायचे, पिल्ले पोसायची. तुमच्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नसते. नवशिक्याला याहून चांगली संधी नाही.

तेव्हा या सुट्टीत पक्षिमित्र व्हायचेच असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. ती पुण्याच्या टेकड्या समोर ठेवून लिहिली आहे. बाकीच्यांनी आपापली टेकडी, ओढा किंवा स्मशानामागची झाडी तिथे घालून घ्यावी.

साहित्य

प्रथम खरेदी. पक्षी नंतरही बघता येतात.

दुकानदार वीसपट दाखवणारी दुर्बीण पुढे करील. घ्याच. तिच्यातून तुमच्या हाताचा कंपही वीसपट दिसतो, आणि फांदी सापडेपर्यंत पक्षी तिसऱ्या झाडावर पोचलेला असतो. जुनी मंडळी ८ बाय ४२ वापरतात. आठपट मोठे दिसते, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ मिळते, आणि हातही फार हलत नाही. पण अशी दुर्बीण गळ्यात अडकवून निघालात तर सोसायटीत कुणी थांबवून विचारत नाही. त्यासाठी सहाशे मिलिमीटरची लेन्स हवी. शिवाय ठिपक्याठिपक्यांचे लष्करी जाकीट, तसलीच टोपी, आणि लेन्सलाही तसलाच अंगरखा. एवढा बंदोबस्त झाला की खिशातला फोन खुशाल मोठ्या आवाजात वाजू द्यावा.

सालिम अलींची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने झाली, हे इथे सांगायला हरकत नाही. लहानपणी त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढचा इतिहास घडला. त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली आले. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आजही टेकड्यांच्या आसपास मिळते. चिमणीकडे कुणी लेन्स वळवत नाही म्हणून तिचे बरे चालले आहे.

वेळ

मे महिन्यात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. पक्षी त्याच्या बऱ्याच आधी कामाला लागतात. सगळ्यांत आधी दयाळ. अजून धड उजाडलेलेही नसते तेव्हा तो एखाद्या वठलेल्या शेंड्यावर किंवा गच्चीवरच्या अँटेनावर शेपटी ताठ करून बसतो आणि तोच तोचपणा न आणता पंधरा-वीस मिनिटे गातो. एवढ्या तब्येतीत मैफल शहरात फुकट दुसरीकडे कुठे होत नाही.

तुम्ही मात्र साडेआठला वेताळ टेकडीवर पोचा. वाटेत मिसळ खा. साडेआठनंतर टेकडीवर घार, कावळा, पारवा आणि फिरायला आलेले निवृत्त अधिकारी हमखास मिळतात. कावळा चोच उघडी टाकून बसलेला दिसेल. तुमचे जाकीट पाहून तो थक्क झाला आहे, असा समज करून घेऊ नका. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातली उष्णता ते धापा टाकून तोंडावाटे बाहेर काढतात. चढ चढून आल्यावर तुमचेही तेच चाललेले असेल.

ओळख पटवणे

नियम एकच : खात्रीने बोला. सोबतचे चारजण तुमच्याहून नवे असतात.

आमराईतून कुहू ऐकू आले की ‘कोकिळा गातेय’ म्हणा. गातो तो नर, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके असलेली. तिच्या वाट्याला फक्त किक्-किक् अशी कर्कश तक्रार येते. तिने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालण्याच्या कामगिरीवर निघावे आणि नराने त्याच वेळी समोरच्या झाडावर बोंब ठोकून कावळ्यांना मागे लावून घ्यावे, अशी ही जोडी असते. कवींनी गाण्याचे श्रेय मादीला का दिले ते कवींनाच ठाऊक.

खरी गंमत पावशाची. राखाडी पाठ, पोटाखाली आडव्या रेघा, लांब पट्टेदार शेपटी, आणि दोन-चार वेळा पंख मारून मग तरंगत झाडात घुसण्याची लकब. हे सगळे बघितले की हात वर करून ‘शिक्रा!’ असे ओरडा. निम्म्या वेळा तो शिक्रा असेलही. उरलेल्या वेळी तो पावशा असतो, आणि त्याचे दिसणेच तसे आहे. तो झाडात शिरला की लहान पक्षी शिकारी आला समजून कलकलाट करतात. पावशाची मादी अंडे घालते ते सातभाईंच्या घरट्यात. अंड्याचा रंगही सातभाईंच्या अंड्यासारखाच निळा, त्यामुळे ते बिचारे ते उबवतात, पिल्लू वाढवतात, आणि स्वतःहून मोठ्या झालेल्या त्या पोराला किडे भरवत हिंडतात.

फरक पाहायचाच असेल तर चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि टोकाला आकड्यागत वळलेली, मांस फाडायची. पावशाची सरळसोट, सुरवंट उचलायची, आणि डोळ्याभोवती पिवळे कडे. शिक्रा ताठ बसतो, पावशा जरा आडवा. एवढे बघायला तो थांबत नाही, ही अडचण आहे. पण तो बोलला की वाद मिटतो. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणत आवाज पायरी-पायरीने चढत जातो, अगदी टिपेला पोचून तुटतो आणि जरा वेळाने पुन्हा खालून सुरू होतो. मे महिन्यात हे रात्रीही चालते. ज्यांच्या खिडकीबाहेर झाड आहे त्यांना पावशाची ओळख सांगावी लागत नाही; ते उशी डोक्यावर घेऊन झोपतात.

आवाज ओळखण्यासाठी फोनमध्ये मर्लिन हे ॲप घ्यावे. ते ऐकते आणि नाव सांगते. कोतवाल हा पक्षी मात्र शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्यांना घाबरवून त्यांच्या चोचीतला घास पळवण्यासाठी करतो असेही म्हणतात. साळुंक्या फसतात तिथे फोनचे काय घेऊन बसलात. यादीत नाव चढले म्हणजे झाले.

हे मात्र करू नका

पुढची गोष्ट टाळावी, कारण तिने खरोखरच पक्षी दिसतात. फळांवर आलेला एखादा उंबर किंवा वड हेरायचा, पहाटे त्याच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसायचे आणि तासभर उठायचे नाही.

पहिली दहा मिनिटे काहीच घडत नाही. बहुतेक नवशिके इथेच उठतात. मग वरून टुक, टुक, टुक सुरू होते. तांबट. हिरवा, चिमणीपेक्षा थोडा थोराड, कपाळावर आणि छातीवर लाल ठसा, गळा पिवळा. आवाज आता डावीकडून येतो आणि लगेच उजवीकडून, म्हणून तुम्ही मान वळवून वळवून थकता. तो मात्र एकाच वठलेल्या काटकीवर बसलेला असतो. मान वळते ती त्याची. दुर्बिणीतून नीट पाहिलेत तर लक्षात येईल की चोच बंदच आहे. प्रत्येक टुकसरशी गळ्याची कातडी फुगते आणि बसते, आणि अख्खे अंग एक लहानसा हिसका देते. दुपारच्या उन्हात बाकी सगळे चिडीचूप असतात तेव्हाही त्याचे काम बंद नसते.

एव्हाना झाडाची पाने हलू लागतात. वारा नसतो. ते हरियाल असतात, पिवळ्या पायांचे हिरवे कबुतर, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. वीस-पंचवीसांचा थवा सुरुवातीपासून तिथेच बसून असतो आणि तुम्हाला एकही दिसलेला नसतो. पुढे हळद्या येतो, बुलबुलांची भांडणे होतात, कोकीळ गाणे सोडून मुकाट्याने खायला बसतो.

आणि नशीब असेल तर राखी धनेश. विद्यापीठाच्या आवारात, एम्प्रेस गार्डनमध्ये आणि जुन्या बंगल्यांच्या मोठ्या झाडांवर तो मिळतो. या दिवसांत बहुधा एकटा नरच दिसेल. मादीने ढोलीत शिरून तिचे तोंड विष्ठा आणि मातीने आतून लिंपून घेतलेले असते, फक्त चोचीपुरती फट ठेवून. तिची उडण्याची पिसेही आतच झडतात. नर उंबरे गळ्यात भरून आणतो, ढोलीपाशी खोडाला चिकटून बसतो, मान हलवून एक फळ चोचीच्या टोकावर आणतो आणि फटीतून आत देतो. मग दुसरे, मग तिसरे. तो वाटेत मेला तर आतल्यांची उपासमार होते. म्हणून अशी ढोली सापडली तर तिचा पत्ता आपल्यापाशीच ठेवा. एवढा एक सल्ला या लेखात गंभीरपणे दिला आहे.

घरट्यापाशी

पण फोटो तर हवा. त्यासाठी सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यात जाता येते. उन्हाळ्यात पाण्याची चार डबकी उरतात, आणि तिथे लांब पांढऱ्या फितीची शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक आंघोळीला येतो. त्याच्या आधी तीस कॅमेरे येऊन बसलेले असतात.

तो लवकर येत नसेल तर फोनवर त्याच्याच जातीचा आवाज लावावा, असे तज्ज्ञ सुचवतील. लगेच येतो. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, असे त्याला वाटते. पिल्लांचा घास टाकून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. तुम्हाला फोटो मिळतो.

टिटवीचे घरटे तर त्याहून सोपे, कारण ते बांधलेलेच नसते. उघड्या माळावर खड्यांत चार खडीच्या रंगाची अंडी. तुम्ही जवळ गेलात की ती डोक्यावर घिरट्या घालत आरडाओरडा करते, म्हणजे अंडी कुठे आहेत हे कळतेच. तिथे तिवई लावा. ऊन चढले की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, ती गार राहावीत म्हणून. तुमची तिवई उठेपर्यंत ती येणार नाही, आणि मेच्या उन्हात तापलेल्या मुरमावर अंड्याचे काय होते ते स्वयंपाकघरात विचारा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याची अंडी किंवा घरटे छेडणे हे ‘शिकार’ या व्याख्येतच बसवले आहे. बंदूक नसली तरी.

यादी

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातल्या एका शनिवारी जगभरचे पक्षिनिरीक्षक एकाच दिवसात दिसलेले सगळे पक्षी ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदवतात. तुम्हीही नोंदवा. कावळे आणि पारवे लिहायला लाज वाटते म्हणून ते गाळण्याची पद्धत आहे. ती पाळू नये. कावळा कुठे किती, हेच पुढे कुणाच्या तरी उपयोगाला येते. मात्र टेकडीवर माळढोक पाहिल्याची नोंद केलीत तर तपासणारा नम्रपणे फोटो मागतो, आणि तेव्हा लेन्स घरी राहिली होती हे उत्तर चालत नाही.

सगळ्यांना हवा असतो तो नवरंग. मेच्या अखेरीस, पावसाच्या थोडा आधी, तो दक्षिणेकडून येतो आणि झाडीत जमिनीवर पाचोळा उचकत फिरतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, मिळवायला लोक आठवडाभर पहाटे पाचला उठून ओढ्याकाठी उकिडवे बसतात आणि शीळ ऐकून परततात. प्रवासाने थकलेला एखादा नवरंग मात्र भलत्याच सोसायटीच्या जिन्यात येऊन पडतो, आणि तो सापडतो दूध आणायला आठ वाजता खाली उतरलेल्या माणसाला. या छंदात न्याय नाही.

तुम्हाला तसा सापडला तर चोचीत पाणी ओतू नका. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अलगद ठेवा, खोका अंधारात, गारव्याला आणि मांजरापासून लांब असू द्या, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोटो काढायचाच असेल तर झाकण लावण्याआधी एकच काढा, आणि फ्लॅश बंद ठेवा.