पेटीवाले सर ऐरोलीला जातात

सकाळी नेरळ स्टेशनच्या पुलावर लॅपटॉपची बॅग अडकवून धावणाऱ्यांत एक जण हमखास गुणगुणत असतो. ओठांवर भटियार, डोक्यात पायथॉन. हे पूर्वाश्रमीचे गाण्याचे सर.

पूर्वाश्रम सुटला तो दहावीमुळे. त्यांच्या नव्हे, विद्यार्थ्यांच्या. पोर जरा सुरात येऊ लागलं की नेमकं दहावीत जातं आणि पालक पेटीवर कापड घालतात. मे महिन्यात तर अख्खा क्लास मामाच्या गावाला! शेवटी सरांनी रात्री जागून कोर्स केला आणि ऐरोलीची नोकरी धरली. ठाण्याला गाडी बदलायची, एवढाच त्रास.

बायोडेटात गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ ठळक अक्षरांत होती. मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं, “हे कसलं सर्टिफिकेशन?” सरांनी 1901 सालच्या लाहोरपासून, पलुस्करांपासून सुरुवात केली. नोकरी मिळाली ती बहुधा उत्तर थांबावं म्हणूनच.

ॲरेची मोजणी शून्यापासून होते, हे ऐकून कोर्सातले कॉमर्सवाले गांगरले होते. सर नाहीत. रूपकात पहिलीच मात्रा खाली, आणि भातखंड्यांच्या लिपीत खालीची खूण शून्य! तिहाई म्हणजे तीनदा फिरणारा लूप. तो एका फेरीनं चुकला की प्रोग्रॅम कोसळतो. एका मात्रेनं चुकला की तबलजी वर बघतो. यातलं दुसरं जास्त लागतं, असं सर म्हणतात.

अडतं ते माणसांत. गुरुपौर्णिमेला रांगेनं नमस्कार घेतलेल्या सरांना चोवीस वर्षांची टीम लीड नावानं हाक मारते. कोड रिव्ह्यूत चूक दिसली की सर “पुन्हा घ्या” म्हणतात आणि समोरच्याला पहिल्या ओळीपासून वाचायला लावतात. जेवणाच्या सुट्टीत दाखले तयार असतात: भातखंडे मूळचे वकील, सॉफ्टवेअर कंपन्यांची धुरा वाहिलेल्या अच्युत गोडबोल्यांनी सुलभा पिशवीकरांसोबत ‘नादवेध’ लिहिलं. दोघेही उलट दिशेनं, म्हणजे गाण्याकडे आले, हे कुणी काढत नाही. काढलं तर सरांचा डबा संपायचा नाही.

पावसाळ्यात माथेरानची मिनीट्रेन नेरळ ते अमन लॉज बंद राहते, त्यालाही ते आता ‘शेड्यूल्ड डाउनटाइम’ म्हणतात.

शनिवारचा क्लास मात्र चालू आहे. परवा एक वडील आले. “सर, पुढच्या वर्षी दहावी, तेव्हा गाणं थांबवतोय. पण याला जरा कोडिंग शिकवाल?”

सरांनी भाता सोडला. “शिकवतो की. पण प्रवेशिका पूर्ण झाल्याशिवाय पायथॉन नाही.”