तब्येत नाजूक आहे

एप्रिल 2024. व्हॉयेजर-1 ची तब्येत बिघडून पाच महिने झाले होते आणि इकडे माझा जीव वरखाली होत होता. शेवटी न राहवून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: ‘वय 46. नोव्हेंबरपासून असंबद्ध बडबडतोय. स्मृती तीन टक्के गेली. इथून काही सांगितलं तर पोचायलाच साडेबावीस तास लागतात. प्रार्थना करा.’ नाव लिहिलं नाही. घरच्या माणसाचं कोण लिहितं?

आमच्या खानदानात शेहेचाळिशीचा आणि दूरदेशी असलेला एकच, न्यू जर्सीचा मावसभाऊ. दुपारच्या जेवणानंतर नातेवाइकांनी त्याला फोन लावले. तिकडे पहाट. बिचारा झोपेत खरोखरच असंबद्ध बोलला. सगळ्यांची खात्री पटली.

मग मावशीचा फोन. “अगं, यान आहे ते! 1977 साली सोडलेलं, आता चोवीस अब्ज किलोमीटरवर आहे,” मी म्हणालो. तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता, म्हणून घाईघाईने आजारही सांगितला. आतल्या कॉम्प्युटरची एक चिप गेली. तिच्यातला प्रोग्रॅम दुसरीकडे हलवायचा, तर एवढी मोठी जागा एकत्र कुठेच रिकामी नाही. म्हणून पासाडेनाच्या इंजिनियरांनी त्याचे तुकडे करून मिळेल तिथे बसवायचं ठरवलं.

“म्हणजे चाळ पाडली आणि बिऱ्हाडं जागा मिळेल तिथे पाठवली,” मावशी म्हणाली. यापेक्षा चांगलं मला कुणीच समजावलं नव्हतं.

तरी राग उतरेना, म्हणून हुकमी पत्ता टाकला: त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सुटलं 5 सप्टेंबरला, बाई गेल्या 16 ला. मावशी विरघळली. लगेच सावरून म्हणाली, “गाणं चांगलंच असणार. पण तुझी बायको सांगत होती, घरातला मिक्सर जरा गुरगुरला तर तू भंगारात काढलास.”

मिक्सर 1977 चा नव्हता, हे मी मनातच म्हटलं.

20 एप्रिलला यानाचा निरोप आला, पाच महिन्यांत पहिल्यांदाच धड वाचता येणारा. आनंदाच्या भरात मी ग्रुपवर टाकलं: ‘शुद्धीवर आला!’

न्यू जर्सीचा मावसभाऊ त्याच मिनिटाला ग्रुपमधून बाहेर पडला.